गाणं 'हिट' झालं, हे कसं मोजायचं? (इयत्ता पाचवी, चित्रालेख : एक वर्गानुभव)



पाचवीच्या गणितातला चित्रालेख हा पाठ तसा सोपा. फळं, वाहनं, खेळ यांची तयार माहिती दिलेली असते, मुलं पटापट चित्रं काढतात, उत्तरं लिहितात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. म्हणून मागच्या वर्षी मी ठरवलं की माहिती पुस्तकातली घ्यायची नाही, मुलांकडूनच गोळा करायची. स्नेहसंमेलनाचे दिवस होते. कोणत्या गाण्यावर नाच बसवायचा यावरून वर्गात रोज भांडणं चालू होती. विषय आयताच मिळाला : आमच्या वर्गाचं आवडतं गाणं.

या पाठात मुलं जे शिकली ते शिकलीच. पण माझीच एक चूक एका मुलीने मला दाखवून दिली. ती चूक आपल्यापैकी बरेच जण करत असतील असं वाटतं, म्हणून हा लेख.

पहिला तास : मतं गोळा करणे

त्या दिवशी ३४ मुलं हजर होती. प्रत्येकाने एकाच गाण्याचं नाव सांगायचं, मी फळ्यावर ताळ्याच्या खुणा करायच्या, असं ठरलं. मतं अशी पडली :

गुलाबी साडी – ११
झिंगाट – ८
केसरिया – ६
याड लागलं – ४

हे झाले २९. उरलेल्या पाच मुलांनी पाच वेगळी गाणी सांगितली. एक गुजराती गरबा, एक कोळीगीत, एक अभंग, एक भोजपुरी गाणं आणि एक 'शुक्रतारा'. आमची शाळा मराठी माध्यमाची असली तरी भाईंदरचा वर्ग म्हणजे काय असतो हे इथल्या शिक्षकांना सांगायला नको. उत्तनकडची कोळी मुलं, गुजराती शेजारात वाढलेली मुलं, घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी मुलं, सगळी एकाच बाकावर.

'शुक्रतारा' सांगणारी मुलगी शेवटच्या रांगेतली. अगदी हळू आवाजात बोलली. "हे कुठलं गाणं?" म्हणून दोन-चार मुलं हसली. मी "शांत बसा" एवढंच म्हटलं आणि पुढे गेले. मला चित्रालेख पूर्ण करायचा होता.

प्रमाण ठरलं, १ ढोलकी = २ मतं. 'गुलाबी साडी'ला साडेपाच ढोलक्या, 'झिंगाट'ला चार, 'केसरिया'ला तीन, 'याड लागलं'ला दोन. राहिलेली पाच गाणी वेगवेगळी काढली असती तर पाच रांगा वाढल्या असत्या आणि प्रत्येक रांगेत अर्धीच ढोलकी. फळ्यावर जागाही कमी होती. मी सरळ एक रांग केली, 'इतर – ५' असं लिहिलं आणि अडीच ढोलक्या काढल्या. गणिताच्या दृष्टीने काहीच चुकलं नाही. बेरीज ३४ बरोबर आली.

मधल्या सुट्टीत ती मुलगी टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "टीचर, माझं गाणं 'इतर' आहे का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. मग तिनेच सांगितलं की तिचे आजोबा आता फारसे उठत नाहीत, त्यांच्या उशाशी एक छोटा रेडिओ असतो, आणि हे गाणं लागलं की ते तिला हाक मारून बसवून घेतात. तिला ते पाठ आहे. वर्गातल्या कुणाला ते माहीतही नाही याचं तिला वाईट वाटलं होतं. आणि टीचरनी तर त्याचं नावच पुसलं होतं.

त्या गाण्याची गोष्ट

दुसऱ्या दिवशी गणिताचा तास मी गोष्टीने सुरू केला. ती गोष्ट इथे थोडक्यात देते, वर्गात सांगायला उपयोगी पडेल.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. सिनेमाची गाणी त्यांना पसंत नव्हती. आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली आणि त्यांच्या जागी रेडिओने स्वतःची गाणी तयार करायला सुरुवात केली. कवीने कविता लिहायची, संगीतकाराने चाल लावायची, गायकाने स्टुडिओत येऊन गायची. ना सिनेमा, ना हिरो-हिरॉईन. मराठीत भावगीत त्याआधीही होतं, पण आकाशवाणीमुळे ते घराघरात पोचलं.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई आकाशवाणीसाठी असंच एक गाणं तयार झालं, ते 'शुक्रतारा'. संथ चालीचं, दोघांनी गायलेलं प्रेमगीत. आजची मुलं ज्याला 'स्लो साँग' म्हणतात तसं. कवी मंगेश पाडगावकर हे वेंगुर्ल्याचे, मुंबई आकाशवाणीत नोकरीला. संगीतकार श्रीनिवास खळे बडोद्याचे. गायक अरुण दाते इंदूरचे. आणि सोबत गाणाऱ्या सुधा मल्होत्रा, ज्या हिंदी चित्रपटांत गायल्या होत्या आणि ज्यांची मातृभाषा मराठी नव्हती.

हे चार पत्ते मी फळ्यावर लिहिले आणि विचारलं, "यात महाराष्ट्रातले पत्ते किती?" मुलांनी नकाशात शोधलं. वेंगुर्ले सापडलं, बडोदे गुजरातमध्ये निघालं, इंदूर मध्य प्रदेशात. मराठीतलं इतकं गाजलेलं गाणं, आणि करणारी माणसं अशी ठिकठिकाणची! मुलांना याचं फार नवल वाटलं.

अरुण दाते यांचं खरं नाव अरविंद. शिक्षणाने ते कापड उद्योगातले इंजिनीयर, नोकरीही गिरण्यांमध्ये केली. आधी ते उर्दू गझला गात. मराठी गाणं गायला ते सुरुवातीला तयार नव्हते, कारण आपलं मराठी इंदुरी वळणाचं आहे, ते लोकांना चालणार नाही असं त्यांना वाटत होतं. हे सांगितल्यावर वर्गातला एक मुलगा एकदम मान वर करून ऐकायला लागला. त्याचा 'ळ' अजून नीट उच्चारला जात नाही आणि त्यावरून मुलं त्याला चिडवतात.

गाणं लागलं, लोकांना आवडलं, आणि पुढे 'शुक्रतारा' याच नावाने अरुण दाते यांचा रंगमंचावरचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे अडीच हजारांहून जास्त प्रयोग झाले. दाते २०१८ मध्ये गेले. गाणं अजून चालू आहे, निदान आमच्या वर्गातल्या एका आजोबांच्या उशाशी तरी.

गाणं मोबाईलवर एकदा ऐकवलं. पहिल्या मिनिटाला चुळबुळ झाली, नंतर वर्ग शांत बसला. सगळ्यांना आवडलं असं म्हणणार नाही. पण या वेळी कुणी हसलं नाही.

मोजायचे वेगवेगळे मार्ग

मग मी प्रश्न टाकला, "हे गाणं हिट होतं का? कशावरून?"

मुलांचं उत्तर ठरलेलं होतं, "व्ह्यूज बघा ना टीचर!" मी म्हटलं, "साठ वर्षांपूर्वी व्ह्यूज नव्हते. मग लोक कसं मोजत असतील?" इथून पाठाला खरा रंग चढला. मी तीन उदाहरणं दिली.

१) दुकानांना फोन : १४ नोव्हेंबर १९५२ रोजी इंग्लंडमध्ये 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाने तिथली पहिली लोकप्रिय गाण्यांची यादी छापली. पर्सी डिकिन्स नावाच्या गृहस्थांनी सुमारे वीस दुकानांना फोन करून कोणत्या तबकड्या जास्त खपल्या ते विचारलं आणि क्रम लावला. पहिला क्रमांक अल मार्टिनो या गायकाच्या एका संथ प्रेमगीताचा आला आणि ते नऊ आठवडे तिथेच राहिलं. यादीत क्रमांक १२ पण गाणी १५ होती, कारण काही गाण्यांचा खप सारखाच भरला. "समान गुण मिळाले तर दोघांचा नंबर एकच," हे मुलांना लगेच पटलं.

२) पत्रं आणि तबकड्या : त्याच वर्षी, तीन आठवड्यांच्या आतच, ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आकाशवाणीवर सिनेमाची गाणी मिळेनात म्हणून लोक बुधवारी रात्री आठला सिलोन लावायचे. अमीन सायानींच्या आवाजात गाणी क्रमाने लागायची, त्या क्रमाला ते 'पायदान' म्हणत. क्रम ठरायचा तबकड्यांच्या विक्रीवरून आणि श्रोत्यांच्या पत्रांवरून. १९५३ च्या वार्षिक यादीत पहिलं आलं ते 'अनारकली' चित्रपटातलं लता मंगेशकरांचं गाणं. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर.

३) फर्माईश : आकाशवाणीवर मराठीत 'आपली आवड' असायचं. पोस्टकार्डावर गाण्याचं आणि आपलं नाव लिहून पाठवायचं. गाण्याआधी नावं वाचली जायची. इथे क्रमांक नव्हता, पण ज्याचं नाव रेडिओवर यायचं त्याची गल्लीत आठवडाभर कॉलर ताठ.

मग आजचं उदाहरण घेतलं, 'याड लागलं'. हेही संथ प्रेमगीतच. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. गीत-संगीत अजय-अतुल यांचं, हे गाणं गायलं अजय गोगावले यांनी. या चित्रपटाच्या संगीतासाठी मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद अमेरिकेत हॉलीवूडच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला होता. शंभर कोटींच्या पुढे कमाई करणारा हा पहिला मराठी चित्रपट. नंतर हिंदीत 'धडक' निघाला तेव्हा ही चालही हिंदीत गेली. आता इथे काय मोजलं? तिकिटांचे पैसे, यूट्यूबवरचे व्ह्यूज.

फळ्यावर दोन रकाने केले, 'काय मोजलं?' आणि 'कोण मोजायचं राहिलं?' दुसरा रकाना मुलांनीच भरला. तबकड्यांच्या विक्रीत, ज्यांच्याकडे तबकडी घ्यायला पैसे नव्हते ते राहिले. पत्रांमध्ये, ज्यांना लिहिता येत नव्हतं ते राहिले. व्ह्यूजचं काय? एक मुलगा म्हणाला, "माझा छोटा भाऊ एकच गाणं दिवसातून वीस वेळा बघतो. मग तो वीस माणसं झाला का?" दुसरी म्हणाली, "आणि आमच्या घरी एका मोबाईलवर पाच जण बघतात, ते एकच होतं." मग शेवटच्या रांगेतून आवाज आला, "आजोबांचा रेडिओ कुणीच मोजत नाही."

मला या पाठात यापेक्षा जास्त काही शिकवायचं नव्हतं. आकडा खोटा नसतो. पण तो एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर असतो. प्रश्न कोणता होता आणि कुणाला विचारला होता, हे कळल्याशिवाय उत्तर पूर्ण समजत नाही.

दुसरा चित्रालेख : घरातलं गाणं

घरी एक काम दिलं. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारायचं : तुम्हाला आवडणारं, पाठ असलेलं एक जुनं गाणं कोणतं? ते पहिल्यांदा कुठे ऐकलं? घरी आजी-आजोबा नसतील तर शेजारच्यांना किंवा गावी फोन करून विचारायचं.

३१ मुलांनी उत्तरं आणली. 'शुक्रतारा' ४ घरांत निघालं. एक भक्तिगीत ३ घरांत. आणि बाकीच्या २४ घरांत २४ वेगळी गाणी! जात्यावरची ओवी, लग्नातलं हळदीचं गाणं, नाखवांचं गाणं, हिंदी, गुजराती, भोजपुरी, एक तेलुगूसुद्धा. एका आजीने सांगितलं होतं की तिने ते गाणं कुठेच 'ऐकलं' नाही, आईबरोबर दळताना म्हणत गेली आणि पाठ झालं.

आता चित्रालेख काढायची वेळ आली आणि मुलंच अडली. 'इतर' ही रांग केली तर तिच्यात २४ येणार. एका मुलाने मोठ्याने म्हटलं, "टीचर, या वेळी 'इतर'च पहिला आला!" वर्ग हसला. मीही हसले. पण मग विचारलं, "मग 'इतर' नावाचं एखादं गाणं आहे का?" नाही. ती चोवीस वेगवेगळी गाणी आहेत. आपल्याला रांगा कमी हव्यात म्हणून आपण त्यांना एकत्र बांधलं.

शेवटी मुलांनी उपाय काढला. चित्रालेखाच्या खाली एक चौकट करायची आणि 'इतर'मधली सगळी गाणी नावानिशी लिहायची. जागा लागली, वेळही लागला. पण आमच्या वर्गाचा तो आता नियमच झाला आहे. 'इतर' लिहिलं की खाली नावं आलीच पाहिजेत. पहिल्या चित्रालेखाखालीही आम्ही ती पाच नावं लिहिली. कोळीगीतवाल्याने आपलं नाव स्वतः येऊन लिहिलं.

जोडपाठ : मोठ्या संख्या आणि शुक्र

व्ह्यूजचा विषय निघालाच आहे तर मोठ्या संख्यांचं वाचन घेता येतं. मुलांना एक गंमत सांगा. यूट्यूबचा व्ह्यूज मोजणारा आकडा पूर्वी जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जाऊ शकत होता. 'गंगनम स्टाईल' हे कोरियन गाणं २०१४ मध्ये त्याच्याही पुढे चाललं आणि कंपनीला मोजणीची मर्यादा वाढवावी लागली. ही संख्या मुलांकडून वाचून घ्या : दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. मोबाईलवर 'एम' आणि 'बी' अशी अक्षरं दिसतात, ती मिलियन आणि बिलियनची. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी. पाचवीला कोटीपर्यंतच घ्या, हुशार मुलं पुढचं स्वतःच विचारतात.

परिसर अभ्यासात सूर्यमाला आहे. शुक्रतारा हा तारा नसून ग्रह आहे, हे या निमित्ताने सांगता येतं. सूर्य आणि चंद्र सोडले तर आकाशात सगळ्यात तेजस्वी तोच दिसतो. वर्षातल्या काही महिन्यांत सूर्यास्तानंतर पश्चिमेला, काही महिन्यांत पहाटे पूर्वेला. आपल्याकडे उत्तनच्या किनाऱ्यावरून संध्याकाळी पश्चिम मोकळी दिसते. पालकांनी मुलांना एकदा जरूर दाखवावा.

शिक्षकांसाठी काही सूचना

१) आवडीची मतं शक्यतो चिठ्ठीवर घ्या. उघड विचारलं की पहिल्या दोघांनी सांगितलेलंच नाव पुढे येत राहतं. मी उघड घेतली, ती माझी दुसरी चूक.

२) एकच माहिती १ चित्र = २ मतं आणि १ चित्र = ५ मतं अशा दोन्ही प्रमाणांत काढायला लावा. पाचाच्या प्रमाणात एका मताचं चित्र काढता काढता मुलं रडकुंडीला येतात. प्रमाण बदललं की लहान आकडे कसे दिसेनासे होतात, हे त्यांना हातानेच कळतं.

३) प्रेमगीतं वर्गात घ्यावीत का, असं एका पालकांनी मला विचारलं. रास्त प्रश्न आहे. मी शब्दांच्या अर्थात शिरले नाही, चाल, वाद्यं, माणसं आणि मोजणी एवढ्यावरच बोलले. मुलं ही गाणी नाहीतरी ऐकतातच. वर्गात त्यावर विचार करायला मिळाला तर बिघडत नाही.

४) कुणाच्या गाण्याला, भाषेला, उच्चाराला वर्ग हसला तर नुसतं "शांत बसा" म्हणून पुढे जाऊ नका. चित्रालेख उद्या पूर्ण होईल.

पालकांसाठी

आज जेवताना मुलांना तुमचं एक आवडतं गाणं सांगा, आणि ते कुठे, कुणाबरोबर ऐकलं तेही सांगा. तुमच्या घरची भाषा शाळेच्या भाषेपेक्षा वेगळी असेल तर आवर्जून सांगा. आमच्या वर्गात कित्येक मुलांना आपल्या आजीला गाणं येतं हेच पहिल्यांदा कळलं.

ती मुलगी आता दुसऱ्या रांगेत बसते. स्नेहसंमेलनात नाच 'गुलाबी साडी'वरच झाला, ११ मतं होती, ते बरोबरच आहे. पण सुरुवातीला सूत्रसंचालन करताना तिने आमच्या वर्गाच्या 'इतर' यादीतली सगळी नावं वाचून दाखवली. आजोबांना येता आलं नाही. तिच्या आईने मोबाईलवर रेकॉर्ड करून नेलं.

तुमच्या वर्गात हा उपक्रम घेतलात तर 'इतर'मध्ये काय काय निघालं ते जरूर कळवा. नावानिशी!